साडेसहा मीटरचा राजासॉरस: पूर्णाकृती डायनोसॉर घडवण्याची पद्धत, सांगाड्यापासून पायापर्यंत

पूर्णाकृती डायनोसॉर बघायला आलेला माणूस आधी तोंड बघतो, मग दात, आणि संधी मिळाली की कातडीला हात लावतो. कारागिराचा निम्म्याहून जास्त वेळ मात्र त्याला कधीच न दिसणाऱ्या गोष्टींत जायला हवा: बाजूचं रेखाचित्र, पोटातला लोखंडी सांगाडा, जोडांचे बोल्ट आणि फायबर घट्ट करणारं रेझिन वाळायला दिलेले तास. खानदेशात गणपती-देवी घडवणारे हात भरपूर आहेत, फायबरचं काम करणारेही मिळतात. त्यामुळे चेहरा आणि कातडी इथे चांगली उतरते. पुतळा फसतो तो घोट्यात आणि शेपटीच्या बुडाशी.

काम कधी सुरू करायचं हेही आधी ठरवा. नवरात्र उरकलं की मूर्तिकार मोकळे होतात आणि हवाही कोरडी असते. चार माणसं धरली तर अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे फायबरचा टप्पा डिसेंबर-जानेवारीत येतो. तोच बरा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि त्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं. पावसाळ्यात फायबरची काचेच्या धाग्यांची मॅट ओल धरते.

कोणता प्राणी

शाळांच्या सहली येणार असतील तर टायरॅनोसॉरसचा हट्ट सोडावा. तो उत्तर अमेरिकेचा, आणि १२ मीटरचा प्राणी आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये मावतही नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस आपल्या शेजारचा. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोली इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हाडं गोळा केली, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. लांबीचा अलीकडचा अंदाज सुमारे ६.६ मीटर. तो सुमारे साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या पायाखालचा काळा दगड लाव्हारसातून तयार होत होता त्या काळाच्या आसपासचा. धुळे-जळगावच्या मुलांना हे सांगता येणं हीच मोठी कमाई आहे.

त्याच्या कवटीचा मेंदूकडचा भाग, काही मणके, कंबर, मागच्या पायांची आणि शेपटीची काही हाडं एवढंच सापडलं आहे. उरलेलं त्याच्या नातेवाइकांवरून भरायचं: मादागास्करचा मजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस. चुका नेमक्या इथेच होतात, म्हणून पाच गोष्टी रेखाचित्रातच पक्क्या करा.

डोक्यावरचं शिंग गेंड्यासारखं टोकदार नव्हतं. कपाळावर एकच बुटका, गोलसर उंचवटा होता. थूथन, म्हणजे तोंडाचा पुढे आलेला भाग, आखूड आणि उंच. पुढचे हात अगदीच लहान, चार बोटांचे. त्यात भक्ष्य पकडलेलं दाखवू नये. पाठ आडवी आणि शेपटी हवेत, जमिनीवर घासत नेलेली नको. आणि शेपटीचं बूड जाड हवं, कारण मांडी मागे ओढणारा मुख्य स्नायू शेपटीच्या बुडातून निघतो. हे बूड बारीक केलं की सगळा प्राणी सुतारकामाच्या खेळण्यासारखा दिसतो, वरून कितीही खवले कोरा.

एकास दहाचा नमुना

६६ सेंटिमीटरचा नमुना मातीत करा. हा शोभेचा नाही, मापाचा आहे. कंबरेची उंची साधारण २० सेंटिमीटर धरा, म्हणजे प्रत्यक्षात दोन मीटर. चालतानाची उभारणी घ्या, एक पाय पुढे, एक मागे; दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले. एक पाय उचललेला दाखवायचा मोह होतो, पण मग सगळं वजन एका घोट्यावर येतं.

नमुना कंबरेखाली आडव्या पेन्सिलीवर तोलून बघा. तोल जिथे साधतो तिथून सोडलेला ओळंबा दोन पावलांच्या मधल्या जागेत पडायला हवा. पडत नसेल तर मान मागे घ्या किंवा शेपटी किंचित वर वळवा. एक फरक मात्र लक्षात ठेवा. जिवंत प्राण्याचं वजन धडात असतं, फायबरच्या कवचाचं वजन पृष्ठभागावर ठरतं. शेपटीला धडाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे मोठ्या पुतळ्याचा तोल नमुन्यापेक्षा थोडा मागे सरकतो. पुढचा पाय कंबरेपुढे जितका नेता येईल तितका नेऊन मागचा पाय ओळंब्याच्या मागे ठेवला की हा फरक झाकतो.

नमुन्याचा प्लास्टरमध्ये उतारा घ्या आणि तो दर ३ सेंटिमीटरला आरीने आडवा कापा. २२ चकत्या होतील. प्रत्येकीचा आकार आलेख-कागदावर गिरवा आणि दहापट मोठा करून १२ मिलिमीटर प्लायवर उतरवा. कापताना आकार सगळीकडून ७ मिलिमीटर आत घ्या, कारण बाहेर सुमारे ४ मिलिमीटर फायबर आणि २ ते ३ मिलिमीटर पुट्टी चढणार आहे. हे विसरलं की तयार झालेला प्राणी सुजल्यासारखा दिसतो, आणि बोटं व जबड्याजवळ ती सूज सर्वांत आधी डोळ्यात येते. पायांच्या चकत्या वेगळ्या काढा. त्या हाडाच्या दिशेला काटकोनात हव्यात, जमिनीला समांतर नकोत.

लोखंडी सांगाडा

तळाला १०० मिलिमीटरच्या सी-चॅनेलची चौकट, २.४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, मध्ये दोन आडवे चॅनेल. पायांत अडीच इंची सी क्लास (जाड भिंतीचा) पाइप, भिंत साडेचार मिलिमीटर. हाच पाइप कंबरेत आडवा आणि धडाच्या कण्यालाही. मानेला दोन इंची चालतो.

गुडघा आणि घोटा यांच्या वळणांवर पाइप तापवून वाकवू नका. वाकवलेल्या जागी बाहेरची भिंत पातळ होते आणि सगळा ताण तिथेच येतो. पाइप तिरका कापून जोडा आणि दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर पत्र्याचे त्रिकोणी तुकडे वेल्ड करा. पायाच्या तळाशी २०० मिलिमीटर चौरस, १२ मिलिमीटर जाड प्लेट, चार १६ मिलिमीटर बोल्टने चौकटीला जोडलेली. पाय चौकटीला थेट वेल्ड केले तर पुतळा हॉलच्या दारातून आत जाणार नाही, हे बहुतेकांना हॉलच्या दारातच कळतं.

शेपटीचा हिशोब प्रदर्शनाच्या गर्दीवर करा. कोणीतरी टोकाला लोंबकळणारच. शेपूट तीन मीटर, लोंबकळणारा ८० किलोचा धरला, तर बुडाशी येणारा भार २४० किलोग्रॅम-मीटर होतो. दीड इंची पाइप या भाराखाली कायमचा वाकतो, दोन इंची हद्दीवर येतो. म्हणून पहिला मीटर अडीच इंची, दुसरा दोन इंची, तिसरा दीड इंची, सगळे सी क्लास, आणि शेवटच्या वीतभर टोकाला १२ मिलिमीटरची सळई. पाइप एकमेकांत १५ सेंटिमीटर सरकवून वेल्ड करा. फट राहते तिथे पट्टीचे तुकडे भरून ती आधी घट्ट करून घ्या. बुडाशी १२ मिलिमीटरचे दोन फ्लँज (पाइपच्या तोंडाला वेल्ड केलेल्या गोल प्लेटा) समोरासमोर, त्यांत सहा १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट. मानेला तसाच, थोडा लहान फ्लँज.

तयार पुतळा चौकटीसकट सव्वाचारशे किलोच्या आसपास भरतो. एवढं वजन असूनही शेपटीला ओढ बसली की तो पुढून उचलायला बघतो, म्हणून चौकट जमिनीत अँकर बोल्टने बांधा. हॉल भाड्याचा असेल आणि फरशीला भोक पाडता येत नसेल तर चौकटीच्या पुढच्या अर्ध्या भागात २०० किलो वाळूची पोती ठेवा आणि वरून देखावा करा.

सगळं वेल्डिंग इथेच संपवा, घासून झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात द्या. यापुढे थर्माकोल आणि रेझिन आलं की वेल्डिंगची एक ठिणगीही परवडत नाही. सांगाडा तयार झाला की शेपटीच्या टोकाला खरंच ८० किलोची पोती बांधून एक रात्र ठेवा आणि सकाळी टोकाची उंची पुन्हा मोजा. पोती काढल्यावर टोक जागेवर परत आलं नाही तर दोष बुडाशी आहे, तो आत्ताच काढा.

धड: थर्माकोल, कागद, फायबर

एकच प्रत हवी असेल तर अख्ख्या धडाचा साचा काढण्यात अर्थ नाही. प्लायच्या चकत्या कण्यावर ३० सेंटिमीटरच्या अंतराने बसवा, मधल्या जागेत थर्माकोलचे ठोकळे भरा. घनता १६ ते १८ किलो प्रतिघनमीटर, आणि पटकन पेट न घेणाऱ्या एफआर प्रतीचाच मागा. तासून वाया जाणारा धरून पावणेदोन घनमीटर लागतो. चकत्यांची कड दिसेपर्यंत करवतीच्या पात्याने आणि तारेच्या ब्रशने तासत जा. चकत्या म्हणजे हद्द. दोन चकत्यांमध्ये स्नायूंचा फुगवटा डोळ्याने द्यायचा. बरगड्या उठावदार कोरू नका. उपाशी बैल वेगळा आणि निरोगी शिकारी प्राणी वेगळा.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला खातं. थेट रेझिन लावलं की दहा मिनिटांत खड्डे पडतात. आधी खाकी कागदाचे तळहाताएवढे तुकडे पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा, दोन थर, एकमेकांवर चढवून. दोन दिवस पूर्ण वाळू द्या. हात लावल्यावर कागद गार लागला तर आत ओल आहे, आणि त्या ओलीवर फायबर पांढरं पडून सुटतं.

पृष्ठभाग सुमारे १६ चौरस मीटर. ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे तीन थर, म्हणजे वाया जाणारी धरून २५ किलो मॅट. रेझिन मॅटच्या अडीचपट, ६० ते ६५ किलो. कातडीच्या पुट्टीसाठी आणखी २५ किलो, डोकं-हात-पावलांच्या साच्यांसाठी २० किलो. एकूण ११० किलो रेझिन मागवा. घोटे, गुडघे आणि शेपटीच्या बुडाशी ६०० ग्रॅमच्या विणलेल्या रोव्हिंगचे (काचेच्या जाड धाग्यांच्या कापडाचे) दोन जादा थर द्या. तडे तिथेच जातात, कारण लोखंड किंचित लवतं आणि कवच लवत नाही.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के, तोही काट्यावर मोजून. बाटलीच्या झाकणाचा अंदाज इथे चालत नाही. डिसेंबरच्या थंडीत दीड-पावणेदोन टक्के, आणि काम सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्याच वेळात. उन्हाळ्यात करावंच लागलं तर एक टक्का, पहाटे सहा ते नऊ, आणि एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त रेझिन कालवायचं नाही. एक टक्क्याच्या खाली उतरू नका. रेझिन वरून वाळल्यासारखं वाटतं, आतून कच्चं राहतं आणि सहा महिन्यांनी रंगासकट घाम फुटतो. वेळ वाढवायचा असेल तर पुरवठादाराकडून कमी कोबाल्टचं (वाळण्याचा वेग वाढवणाऱ्या रसायनाचं) रेझिन घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर.

पहिले दोन थर एका दिवशी, तिसरा दुसऱ्या सकाळी, मधे हलका हात काचकागदाने घासून. प्रत्येक थरावर खाचांचा लोखंडी रोलर फिरवून हवा काढा. पांढरट डाग दिसला तर तिथे मॅट कोरडी आहे. वाळण्याआधी रेझिन पाजा. वाळल्यावर दिसला तर तेवढा तुकडा कापून नव्याने भरा. वरून पुट्टी लावून डाग झाकला तर तो पहिल्या उन्हात फुगतो.

नाकातोंडाला कापड बांधणं म्हणजे मास्क नव्हे. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस असलेला मास्क, चष्मा आणि नायट्राइल हातमोजे हवेत. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते; पाण्याने किमान १५ मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं. डब्यात उरलेलं कालवलेलं रेझिन कोपऱ्यात ठेवून जेवायला जाऊ नका. ते स्वतःच तापतं आणि धुमसू लागतं. वाळूवर पातळ पसरून टाका.

डोकं, हात आणि पावलं

इथे बारकावा हवा, म्हणून मातीत घडवून साचा काढायचा. आपली काळी माती यासाठी नको, वाळताना ती इतकी आकसते की एका रात्रीत थूथनावर भेगा पडतात. शाडू घ्या, त्यात थोडा काथ्या कापून मिसळा आणि रात्री ओल्या गोणपाटावर प्लास्टिक झाका. मांस धरून डोकं सुमारे ७० सेंटिमीटर लांब ठेवा. डोळा खाचेच्या मध्यावर नाही, वरच्या भागात बसतो. कवटीतली मोठी भोकं गालावर खड्डे म्हणून दाखवू नका, त्यावर स्नायू आणि कातडी होती.

घडवून झालं की चपड्याचे तीन हात द्या. ओल्या मातीवर पॉलिस्टर नीट वाळत नाही, चपडा तिची ओल अडवतो. साचा सहज सुटावा म्हणून त्यावर मेणाचे चार हात आणि पीव्हीएचा पातळ पापुद्रा. साचा तीन तुकड्यांत: डावा, उजवा आणि खालचा जबडा वेगळा. तुकड्यांच्या कडा पत्र्याची भिंत लावून ५ सेंटिमीटर बाहेर काढा आणि बोल्टची भोकं साचा उघडण्यापूर्वीच पाडा. उतारा घेताना जेलकोटचा, म्हणजे मॅटशिवायच्या सर्वांत बाहेरच्या रेझिनचा, थर अर्धा मिलिमीटर हवा. पातळ राहिला किंवा पुरता धरला नसताना मॅट चढवली तर त्यावर सुरकुत्या उठतात. बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, तेव्हा पहिला थर द्या.

दात वेगळे ओतून बसवा, सगळे सारख्या लांबीचे नकोत. काही अर्धवट उगवलेले, एखादा नाहीच. या गटातल्या प्राण्यांचे दात तसे आखूडच असतात, सुळ्यांची जत्रा करू नका.

कातडी

रेझिनमध्ये टाल्क आणि थोडी फ्यूम्ड सिलिका मिसळून लोण्यासारखी पुट्टी करा, हार्डनर एक टक्का, एका वेळी दोन वीत जागा. त्यावर सिलिकॉनचे ठसे दाबायचे. राजासॉरसची कातडी सापडलेली नाही, कार्नोटॉरसची सापडली आहे: नखाएवढे किंवा त्याहून लहान, बहुकोनी, एकमेकांवर न चढणारे खवले, आणि मधूनमधून साडेसहा सेंटिमीटरपर्यंतचे उंचवटे. हे उंचवटे ओळीत नव्हते, विखुरलेले होते. पाठीवर मगरीसारखी रांग काढायचा मोह टाळा. किमान पाच-सहा वेगवेगळे ठसे करा आणि दर वेळी फिरवून दाबा, नाहीतर फरशीसारखी नक्षी उमटते. सुरकुत्या काखेत, गुडघ्यामागे आणि मानेच्या खालच्या बाजूला. मांडीच्या फुगवट्यावर कातडी ताणलेली असते, तिथे सुरकुती नको.

जोडांच्या रेषा इथेच लपवायच्या. फ्लँजवरची फट सुरकुतीतून वळवून न्या, सरळ गोल पट्टा दिसू देऊ नका.

रंगाचं थोडक्यात. इपॉक्सी प्रायमर, दोन घटकांचा पीयू रंग, वरून मॅट लॅकर. चकाकी आली की प्राणी प्लास्टिकचा दिसतो. पोट फिकट, पाठ गडद. प्राण्याचा खरा रंग माहीत नाही, त्यामुळे मोकळीक आहे, पण उघड्यावर उभा राहणार असेल तर काळा-गडद तपकिरी टाळा. दुपारी पोरांचे हात भाजतील आणि कवचही तापून-निवून जोडांवर लवकर तडकेल.

नेणं आणि उभारणं

धड, मान-डोकं, शेपटीचे दोन भाग, दोन हात आणि चौकट असं सुटं करून १९ फुटी आयशरमध्ये सगळं बसतं. शेपटीचा दुसरा जोड दोन मीटरवर फ्लँजने घेतलात तरच, म्हणून तो आधीच ठरवा. धड पायांवर उभं नेऊ नका. आडवं, गाद्यांवर, पट्टा कंबरेच्या पाइपला. कवचाभोवती आवळलेला पट्टा महामार्गाच्या पहिल्या खड्ड्यात खवले उडवतो.

हॉलबाहेर उभारायचा असेल तर काळ्या मातीवर काँक्रीट टाकून मोकळं होऊ नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौकट तिरकी होते. माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जा, मुरूम खोल असेल तर किमान सव्वा मीटर खोदून मुरूम भरून थराथराने ठोका, मग पाया. मे-जूनमध्ये रावेर-यावलला केळीच्या बागा आडव्या करणारी वादळं येतात, त्या वाऱ्याचा भार भारतीय मानक आयएस ८७५च्या तिसऱ्या भागानुसार अभियंत्याकडून तपासून घ्या. पोटाखाली १२ मिलिमीटरची चार भोकं ठेवा, आत साचलेलं पाणी तिथून निघतं.

पायाशी जागा उरली तर अंड्यांचं घरटं करा. सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात, ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची आहेत, राजासॉरसची नाहीत, हे फलकावर लिहा. अंड्याचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर, फुटबॉलपेक्षा लहान. त्याच फलकावर कुठली हाडं सापडली आहेत आणि काय नातेवाइकांवरून भरलं आहे हेही एका रेखाचित्रात दोन रंगांनी दाखवा.

कठडा शरीरापासून सव्वा मीटर लांब, शेपटीच्या टोकाला दीड. दर पावसाळ्यानंतर फ्लँजचे बोल्ट पान्याने तपासा, घोट्यांवर बोटाने ठोकून आवाज ऐका. पोकळ, वेगळा आवाज आला तर फायबर पुट्टीपासून किंवा लोखंडापासून सुटलं आहे. तेवढाच भाग उघडून रोव्हिंगचे दोन थर भरा आणि तोच ठसा फिरवून दाबा. ठसे म्हणूनच टाकून देऊ नयेत.